काय येतंय तुला?

माझ्या पत्र्याच्या पेटीत सातबारा उतारे, सोसायटीच्या पावत्या आणि आईचा एकुलता एक फोटो यांच्या खाली एक पिवळं पडलेलं कार्ड आहे. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं. 1978 साली मी दहावी पास झालो. त्याच पावसाळ्यात वडलांनी मला एस.टी.त बसवून जिल्ह्याला नेलं आणि नाव नोंदवून आणलं. टेबलामागच्या कारकुनानं विचारलं, "काय येतं तुला?"

मी म्हणालो, "दहावी झालोय."

"ते लिहिलंय. दुसरं काय? टायपिंग? ड्रायव्हिंग? वायरमन?"

मी वडलांकडं बघितलं, वडलांनी माझ्याकडं. मग वडील म्हणाले, "न्हाई सायेब. शेतकऱ्याचं पोरगं हाय. काय येत न्हाई."

कारकुनानं त्या रकान्यात आडवी रेघ मारली. त्यांचं काही चुकलं नाही, सांगणाऱ्यानं जे सांगितलं ते त्यांनी लिहिलं. पण त्या दिवशी सकाळी दोन म्हशींच्या धारा काढून, बंद पडलेल्या डिझेल इंजनातली हवा काढून, ते चालू करून, उसाला पाणी लावून मग मी गाडी धरली होती. ते काही आम्हा दोघांपैकी कुणालाच आठवलं नाही. आठवलं असतं तरी सांगितलं नसतं. ते काय सांगण्यासारखं आहे, असंच वाटलं असतं.

कॉल आला नाही. दोनदा कार्ड नवं करून आणलं, मग सोडून दिलं.

पुढं कधीतरी मला कळलं की ही 'काय येत नाही'ची गोष्ट माझ्या वडलांनी सरकारी कागदावरूनच शिकली असावी. 1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आई-वडील दोघं खडी फोडायला जायचे. लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी, त्यावर ते साल निघालं. आमच्याच तासगाव तालुक्यातल्या विसापूरशी नातं असलेल्या वि. स. पागे यांच्या डोक्यातून रोजगार हमीची कल्पना निघाली, हे आम्हाला अभिमानाचं आहे. 26 जानेवारी 1979 पासून त्याचा कायदा लागू झाला. हमीनं किती चुली पेटत्या ठेवल्या हे आमच्या पिढीला सांगायला नको. पण त्यात काम कुठलं, तर 'अकुशल अंगमेहनतीचं'. मागेल त्याला काम, आणि मागणारा अकुशल.

आता खडी फोडणं बघा. दगडाला नस असते. ती ओळखली तर दोन घावांत दगड उघडतो, नाहीतर दहा घाव घालून हातोडा उसळतो आणि चिपरी डोळ्यात जाते. माझी आई दगडाभोवती दोरीचं कडं ठेवायची, म्हणजे खडी उडत नाही. बोटांना चिंध्या गुंडाळायची. मापाच्या दिवशी तिची रास नेहमी शेजारणीपेक्षा मोठी भरायची आणि दुसऱ्या बायका तिच्याजवळ येऊन बसायच्या, बघून शिकायला. पण मस्टरवर तिच्या नावापुढं अंगठाच. मला सरकारला नावं ठेवायची नाहीत. शब्द मात्र माणसाच्या अंगात मुरतो. तीच बाई मरेपर्यंत म्हणत राहिली, "आमास्नी काय येतंय?"

मी शिकलो ते द्राक्षांमुळं. 1980 नंतर आमच्या भागात बागा वाढल्या आणि छाटणीला माणसं कमी पडायला लागली. एका मुकादमाच्या टोळीत मी अर्ध्या रोजावर गेलो. पहिले पंधरा दिवस त्यानं मला कात्रीच दिली नाही. पाडलेल्या काड्या गोळा करायच्या आणि तो कापतो कुठं ते बघायचं. म्हणायचा, "कात्री हातात घ्याच्या आधी येल बघ. कुठल्या काडीत माल हाय ते डोळ्यानं कळलं पायजे, कात्रीला काय कळतंय?" एप्रिलची खरड छाटणी म्हणजे पुढच्या सालची काडी तयार करायची, ऑक्टोबरची फळछाटणी म्हणजे त्या काडीतला माल बाहेर काढायचा. कुठल्या डोळ्यावर कापायचं हे चुकलं तर साल गेलं. आता काड्या प्रयोगशाळेत तपासून आणतात, सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यातला घड दिसतो. तेव्हा काडीची जाडी, रंग आणि पेराचं अंतर बघूनच ठरवायचं. तीन हंगामांत मला पूर्ण रोज मिळाला, सातव्या हंगामात मी स्वतःची टोळी घेतली. त्या पैशातून माझी दीड एकर बाग उभी राहिली.

आमच्याकडं याला कुणी कौशल्य म्हणत नाही. 'हात बसलाय' म्हणतात, 'नजर बसलीय' म्हणतात. थॉम्पसनच्या बागेत वेगळी काडी दिसली म्हणून बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ती जपली आणि तास-ए-गणेश जात निघाली. सोलापूरकडं नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका काढली. बसलेली नजर होती, म्हणूनच दिसलं. बागेतनं रोज शंभर माणसं जातात, सगळ्यांना कुठं दिसतं?

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी माझ्या पोराच्या बाबतीत तीच आडवी रेघ मारली, आणि तेच सांगायला बसलोय.

धाकटा माझा 1996 चा. शाळेत बरा. बी.ए. झाला आणि 2018 ला पुण्याला गेला, स्पर्धा परीक्षेला. मी बागेतले पैसे पाठवत राहिलो. पोलीस भरतीत एकदा दोन मार्कांनी राहिला, एकदा मैदानात. सुट्टीत घरी आला की मी त्याला बागेत जाऊ द्यायचो नाही. "तू फक्त अभ्यास कर, हिकडचं आमी बघतो." मला वाटायचं मी त्याच्यावर उपकार करतोय. 2024 ला तो पिशव्या घेऊन कायमचा परत आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. दाराशी चपला काढताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

त्या दिवाळीत पाव्हणे आले होते. कुणीतरी विचारलं, धाकटा काय करतोय सध्या. मी चहाचा कप हातात धरून, सगळ्यांसमोर बोलून गेलो, "करतोय काय? ना शेतातलं येतंय, ना शेरातलं." पाव्हणे हसले. मीपण हसलो. तो आतल्या खोलीत होता, पण खोलीला दार नाही, पडदा आहे.

पुढच्या महिन्यात द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका कंपनीत जागा निघाली. शेतावर फिरायचं, माल बघायचा, शेतकऱ्यांच्या नोंदी तपासायच्या. मला वाटलं, हे तर घरचंच काम. तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि दुपारी परत आला. अर्जात 'कौशल्ये' म्हणून रकाना होता, त्यात त्यानं लिहिलं होतं : एमएस-सीआयटी, मराठी टायपिंग 30, मेहनती, प्रामाणिक. साहेबांनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "ते राहू द्या. तुम्हाला येतं काय?" आणि पोरगं गप्प बसलं. पाचेक मिनिटांत बाहेर.

रात्री बेदाण्याच्या शेडवर आम्ही तिघं निवडायला बसलो होतो. काळे मणी आणि देठ बाजूला काढायचे, हात चालू, तोंड बंद. बराच वेळ झाला. मग तोच म्हणाला, "आण्णा, त्या सायबानं इचारलं तवा मला तुमचाच आवाज आला. दिवाळीचा."

मी काय बोलणार. आमची कारभारीण उठली, खांबावरचं कॅलेंडर काढलं, सरलेल्या महिन्यांची पानं फाडली आणि पाठकोरी बाजू वर करून माझ्या पुढ्यात टाकली. "लिवा," ती म्हणाली. "काय काय येतंय त्याला ते लिवा. तुमी दहावी शिकलाय न्हवं?"

पहिला अर्धा तास कागद कोराच. मी विचारायचो, काय येतं? तो म्हणायचा, काय न्हाई. शेवटी मी प्रश्न बदलला. येतं काय हे सोड, केलंस काय ते सांग. तिथून गाडी जरा पुढं सरकली. माणसाला आपल्याला काय येतं ते सांगता येत नाही, पण काय केलं ते आठवतं. आणि केलंय म्हटल्यावर ते कशानं झालं, हे मागचं मागं शोधता येतं.

पहिली आठवण तिचीच. 2020 च्या मार्चला लॉकडाऊन लागलं तेव्हा बागेत माल तयार होता. व्यापारी फोन उचलेनात. धाकटा पुण्याहून घरी आलेला. त्यानं दोन दोन किलोच्या पेट्या भरल्या, गाडीचा परवाना काढला, पुण्यातल्या मित्रांच्या ओळखीनं सोसायट्यांच्या मोबाईल ग्रुपवर निरोप टाकले आणि अकरा खेपांत सव्वातीन टन माल घरपोच केला. उरलेल्याचा बेदाणा केला. एकाही गिऱ्हाइकाकडं पैसे राहिले नाहीत. मी म्हणालो, हे का नाही सांगितलंस तिथं? तर म्हणतो, "त्यात काय? ते तर आपण केलं."

हे 'आपण' लई वाईट. आमच्या घरात 'मी' म्हणणं आगाऊपणाचं समजतात. मुलगी बघायला गेल्यासारखं खाली बघून 'घरच्यांनी केलं' म्हणायचं. घरात ते शोभतं. पण समोरच्या साहेबाला घर नको असतं, त्याला माणूस पाहिजे असतो. मी त्याला म्हणालो, परवाना काढायला कोण गेलं? मी. पेटीचा भाव कुणी ठरवला? मी. मग 'मी' लिही.

कॅलेंडरच्या पाठीवर मी तीन रकाने पाडले. काय केलं, किती केलं, कुणी बघितलंय. तिसरा रकाना माझ्या डोक्यातून आला. टोळीत नवा माणूस घेताना मी हेच विचारायचो. छाटणी येते म्हणतोस, कुणाच्या बागेत केलीस? त्याच्या बांधावर जाऊन वेल बघून यायचो. मेहनती आणि प्रामाणिक हे शब्द या रकान्यांत कुठंच बसेनात, म्हणून गळाले.

सगळ्यात अवघड पुण्याची वर्षं निघाली. त्याबद्दल तो बोलायलाच तयार नव्हता. सहा वर्षं पाण्यात गेली, एवढंच. पण त्याच्या आईनं मेसच्या जेवणाचं काहीतरी विचारलं आणि बोलता बोलता बाहेर पडलं की अभ्यासिकेतल्या सव्वीस पोरांची मेस दोन वर्षं हाच चालवत होता. मेसवाला पळून गेल्यावर पोरांनी मिळून स्वयंपाकाची बाई ठेवली. महिन्याचे पैसे गोळा करणं, मंडईतून भाजी आणणं, सुट्टीला गेलेल्यांचे खाडे वजा करणं, सगळं याच्याकडं. एक पोरगा पैसे देईना तेव्हा भांडण न करता त्याच्याकडून हप्त्यानं घेतले. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी दर महिन्याला पैसे पाठवत होतो आणि फोनवर एकच विचारत होतो, "निकाल कवा हाय?"

रात्री दीडपर्यंत चौदा ओळी झाल्या. छाटणीच्या वेळी त्याच्या एका फोनवर शेजारच्या गावची माणसं येतात, ही ओळ आईची. घड बघून मण्याचा आकार मिलिमीटरात सांगतो आणि मोजून बघितलं तर फार चुकत नाही, ही माझी. मी ही गोष्ट चार लोकांना कौतुकानं सांगितली होती, त्याला कधी सांगितली नव्हती.

मग मी पान उलटलं. म्हणजे छापील बाजूला, तारखांच्या मोकळ्या चौकोनांत. काय येत नाही ते तिथं. हे त्यानं भराभरा सांगितलं, त्याला ते पाठच होतं. इंग्रजी बोलता येत नाही. एक्सेल नीट येत नाही. हिंदीत व्यापाऱ्याशी बोलताना त त प प होतं. चारचाकीचं लायसन नाही. मी एक घातलं, सकाळी लवकर उठत नाही. आईनं एक घातलं, राग आला की जेवत नाही. त्यावर आम्ही तिघंही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

सगळं एकदम शिकायला गेलं की काहीच होत नाही, हे मला कात्रीनं शिकवलंय. त्या कंपनीच्या कामाला काय लागतं तेवढंच घेतलं. इंग्रजी तूर्त सोडलं. लायसनला लर्निंग काढून तीस दिवस थांबावं लागतं, म्हणून ते पहिलं. एक्सेल थोरल्या सुनेनं शिकवलं, ती ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर असते. तिनं उदाहरणाच्या पुस्तकातली बेरीज शिकवली नाही. म्हणाली, भाऊजी, आपली फवारणीची वही घ्या आणि ती उतरवा.

या वहीची पण गोष्ट आहे. 2010 च्या हंगामात क्लोरमेक्वाटच्या, म्हणजे आमच्या भाषेत लिहोसिनच्या, अंशामुळं युरोपात आपली द्राक्षं अडकली. निर्यातीच्या भागात तो मोठा दणका होता. तेव्हापासून कुठलं औषध कुठल्या तारखेला, किती, काढणीच्या किती दिवस आधी, हे लिहिण्याला किंमत आली. माझं अक्षर मलाच लागत नाही, म्हणून चौदा वर्षांच्या या पोराला मी वही लिहायला बसवलं. पुण्याला जाईपर्यंत त्यानं ती लिहिली. आठ वर्षांच्या फवारण्या, छाटणीच्या तारखा, पाऊस, सगळं. दोन महिने रोज रात्री तो ती वही कॉम्प्युटरवर चढवत बसला आणि एक दिवस मला म्हणाला, "आण्णा, आपुन भुरीची औषधं दर साली आठ दिस उशिरा सुरू करतुय." मी चाळीस वर्षं बाग केलेला माणूस. मला राग आला. मग वही बघितली. खरं होतं.

हिंदीसाठी बेदाण्याच्या व्यापाऱ्यांचे फोन मी उचलायचे बंद केले, त्यानं उचलायचे. पहिल्या आठवड्यात त्यानं एका व्यापाऱ्याला किलोमागं दोन रुपये कमी भावात हो म्हणून टाकलं. शिकण्याची फी म्हणून मी ते सोडलं, पण अगदी गप्प बसलो असं म्हणणार नाही. मांजरीला द्राक्ष बागायतदार संघाच्या चर्चासत्राला पूर्वी मी जायचो, यंदा त्याला पाठवलं. मी यायचो तो डोक्यात दोन गोष्टी घेऊन, हा नऊ पानं लिहून घेऊन आला.

बोलण्याचा सराव सगळ्यात जास्त नडला. शेडवरच्या बायकांसमोर उभा राहून सांगायचं, दोन मिनिटांत, काय केलं, किती केलं, त्यातून काय झालं. पहिल्या दिवशी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. चौथ्या दिवशी त्यातली एक वयस्कर बाई म्हणाली, "बाबा, तू लई गोल फिरतुयास. सव्वातीन टन इकलं, ते आदी सांग की." तिचं बरोबर होतं. ती बाई हमीच्या खडीवर माझ्या आईशेजारी बसलेली. मी तिला विचारलं, तुम्हाला काय काय येतं वयनी? ती म्हणाली, "मला काय येतंय?" आणि निवडलेल्या बेदाण्याची पाटी उचलून वजनाला घेऊन गेली. हाताच्या अंदाजानं तिनं भरलेली पाटी काट्यावर पंधरा किलोला पन्नास ग्रॅम कमी भरली.

या माघात त्याच धंद्यातल्या दुसऱ्या एका कंपनीनं बोलावलं. मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो नाही, गेलो असतो तर काहीतरी बोललो असतो. साडेअकराला फोन आला. मागं माणसांचा आवाज, म्हणजे बाहेर बसवलेलं असणार.

"आण्णा, अर्जात कलमाचं लिवतुय. 2014 ला डॉगरिजवर आपुन कलमं बांधली त्यातली किती जगली हुती?"

त्या ऑगस्टात तो अठरा वर्षांचा होता. मी पाचर मारायचो, तो पट्टी आवळायचा. चार दिवसांनी मी म्हणालो, आता तू मार. काडीची आणि खुंटाची साल एका बाजूनं तरी जुळली पाहिजे, तेवढंच सांगितलं होतं. शेवटच्या सहा ओळी पूर्ण त्याच्या हातच्या. आजही मला त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत.

"वही कुठं हाय?" मी विचारलं.

"कपाटात, खालच्या फळीवर. निळं पुठ्ठं."

वही काढली, चष्मा शोधला, तोवर तो फोन धरून होता. पान सापडलं. सगळं त्याच्याच अक्षरात. "चौदाशे चाळीसातली तेराशे साठ," मी म्हणालो. आणि त्याच्या खाली त्यानंच तेव्हा बारीक अक्षरात लिहून ठेवलेलं वाचलं, "पैकी शेवटच्या सहा ओळीत मर फक्त सात."

"ते नगं," तो म्हणाला.

"लिव," मी म्हणालो. "तेच लिव आदी."